दुर्बीण फ्रेजरपुऱ्यात कधी येणार?



या अंकात कविता आहेत, मोर्च्याची हकीकत आहे, कोर्टात रखडलेल्या खटल्यांवर लेख आहे. मग संपादकीय पाखरांवर आणि ताऱ्यांवर कशाला, असं कोणी विचारील. विचारलंच आहे. अंकाची जुळवाजुळव चालली होती तेव्हा आपला एक कार्यकर्ता म्हणाला, "काहून बे, मोर्चे संपले काय? आता पाखरं मोजतं काय?" त्याला तिथं उत्तर दिलं नाही. इथं देतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी काय चाललंय ते पाहू. हिवाळा लागला की रविवारी सकाळी अमरावतीच्या छत्री तलावावर, वडाळीला, मालखेडच्या धरणावर गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं दिसतात. चक्रवाक आले का, मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी हंस उतरले का, ते पाहतात, वहीत टिपतात. संध्याकाळी कुठल्या तरी महाविद्यालयाच्या सभागृहात व्याख्यान असतं. कृष्णविवर, चांद्रयान, वाघांची गणना. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तर चार ठिकाणी असतं. मोठ्या शहरांत हे फार आधीपासून आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, नेहरू तारांगण १९७७ पासून. नागपूरला रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये आलं.

हे चांगलं आहे. त्यात राबणारी बरीच माणसं मनापासून राबतात, पदरचे पैसे घालतात. दुर्बिणीशी आमचं भांडण नाही. ती कोणाच्या गळ्यात आहे, एवढंच विचारायचं आहे.

मी या सहलींना गेलो आहे. पक्ष्यांची निम्मी नावं तिथंच शिकलो. सहलीची बातमी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, त्या ग्रुपात आपल्या वस्तीतलं कोणी नसतं. जायला स्वतःची गाडी लागते. फी थोडी असते, पण ज्या घरात रविवारीही मजुरांच्या नाक्यावर उभं राहावं लागतं त्या घरातलं पोरगं फीच्या आधीच गळतं. हे सगळं सोसून एखादा गेला, तर चहाच्या वेळी आडनाव विचारतात. मग गाव. मग गावात घर कुठल्या अंगाला. एकदा माझं उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याची दुर्बीण मुकाट्यानं पाण्याकडे वळली. शिवी नाही, भांडण नाही. आजकाल असंच असतं.

"पण कार्यक्रम तर सार्वजनिक आहे, या ना, कोण अडवतंय?" असं आयोजक म्हणतात. खरं आहे. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. महाडचं तळंही सार्वजनिक होतं. ते अस्पृश्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेनं करून ठेवला होता, तरी १९२७ पर्यंत ओंजळभर पाणी कोणाला पिता आलं नाही. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होतं. मध्ये बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली तेव्हा ते पाणी ओंजळीत आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेबच. देऊळही सार्वजनिकच म्हणवत होतं. तेव्हा 'सर्वांना मुक्त प्रवेश' या पाटीचं कौतुक आपल्याला सांगू नये. पाटी लागल्यावर काम सुरू होतं.

आता आपल्या माणसाकडे वळतो. पोटाला भाकर नाही अन् पाखरं काय पाहता, हा प्रश्न ऐकायला क्रांतिकारक वाटतो. पण त्याचा अर्थ काय निघतो? आभाळ, रान, पाणी, पाखरू हे भरल्या पोटाच्या माणसांचं, आणि आपल्या वाट्याला फक्त पोट. हीच वाटणी तर मनूनं केली होती! बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नुसत्या कला शाखेवर थांबले नाहीत. विज्ञान शाखाही काढली. प्रयोगशाळा महाग असते हे त्यांना कळत नव्हतं काय? १९७६ मध्ये घटनेत ५१-अ कलम आलं. त्यात वैज्ञानिक दृष्टी वाढवणं आणि जंगल, तळी, नद्या, वन्य प्राणी जपणं ही प्रत्येक नागरिकाची कर्तव्यं म्हणून लिहिली आहेत. प्रत्येक नागरिकाची. शिवाजीनगरच्या एकट्याची नाहीत.

निसर्ग आपल्याला नवा नाही. आपल्या आज्यापणज्यांना तो ठोकून ठोकून शिकवला गेला. महारकीत मेलेलं ढोर ओढून हाडकीत न्यायचं, कातडं सोलायचं. त्या हाडकीवर गिधाडं उतरत. किती उतरली, आधी कोण बसलं, कुठल्या ढोराला त्यांनी तोंड लावलं, हे त्या सोलणाऱ्या माणसाइतकं जवळून कोणी पाहिलं होतं? त्याच्या त्या पाहण्याला ज्ञान म्हटलं नाही. त्याला विटाळ म्हटलं.

१९९० नंतर गिधाडं जाऊ लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड देशात लाखोंनी होतं. २००७ पर्यंत शंभरातलं एकही उरलं नाही म्हणावं इतकं ते घटलं. साथ असेल, अन्न कमी पडलं असेल, असे तर्क झाले. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून कारण सापडलं. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. ढोर मेलं की औषध मासात राहतं, गिधाड ते खातं आणि त्याचे मूत्रपिंड बंद पडतात. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

गिधाडांवर व्याख्यानं होतात, चांगली होतात. पण हाडकीत उभं राहून ही गिधाडं पाहिलेला म्हातारा मी अजून कुठल्या व्यासपीठावर पाहिला नाही. महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढणं सोडा. आपण सोडलं. बरोबरच केलं. ज्यांना पोटासाठी ते सोडता आलं नाही त्यांचं काय होतं ते २०१६ मध्ये गुजरातच्या उना गावानं दाखवलं. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. काम सोडलं, पण त्या कामात डोळ्यांनी जे जमवलं ते का सोडायचं? घरी जा. आजोबाला, थोरल्या काकाला विचारा की गावात शेवटचं गिधाड कधी दिसलं, किती होती, कुठल्या झाडावर बसत. त्यांच्या शब्दांत लिहून काढा. तीही निसर्गाची नोंद आहे, आणि ती आपल्याशिवाय कोणाकडे नाही.

आता आभाळाचं घ्या. ग्रहण लागलं की गावात मांगवाड्यातली, महारवाड्यातली माणसं टोपली घेऊन निघत. दे दान, सुटे गिऱ्हान! गावाची समजूत अशी की सूर्याला गिळणारे राहू-केतू या अस्पृश्यांच्या जातीचे, म्हणून यांना जुने कपडे आणि मूठभर धान्य दिलं की सूर्य सुटतो. आभाळातल्या सावलीलासुद्धा या लोकांनी जात चिकटवली. आणि आपण ती सावली विकून दाणे मिळवत होतो.

ग्रहण म्हणजे काय? चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. त्याची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरपी आहे, म्हणून दर अवसेला ग्रहण होत नाही. ज्या अवसेला तो नेमका दोघांच्या मधल्या रेषेत येतो त्या दिवशी त्याची सावली आपल्यावर पडते. एवढंच. हे शाळेच्या पुस्तकात आहे, पोरं पाठ करून मार्क मिळवतात आणि घरी ग्रहण पाळतात. पाठांतरानं राहू मरत नाही. चाळणी उन्हात धरून जमिनीवर पडलेले शंभर चंद्रकोरीसारखे सूर्य ज्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तिच्या घरातून राहू निघून जातो. मला व्याख्यानाहून चाळणी मोठी वाटते ती यासाठी.

विज्ञानाचं जाहीर भाषण म्हटलं की आपल्याला कोट-टाय आणि इंग्रजी आठवतं. आपल्या वऱ्हाडातच त्याची दुसरी रीत होऊन गेली. १८७६ मध्ये शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेला एक माणूस गावोगाव फिरला. दिवसा खराट्यानं गाव झाडायचा, रात्री कीर्तन करायचा. गाडगेबाबांना लिहितावाचता येत नव्हतं. पण कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर लोकांकडूनच काढून घेत, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. नवसाचं बोकड, कर्ज काढून केलेलं तेरावं, अंगात येणं, सगळं त्या प्रश्नांत सापडून पडायचं. बाबासाहेबांच्या मागून १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, ते अमरावतीजवळ वारले. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांची पद्धत मात्र सभागृहात दिसत नाही. तिथं तासभर भाषण, पाच मिनिटं प्रश्न, मग आभार.

प्रश्न हेच तर विज्ञान. बुद्धानं कालामांना हेच सांगितलं होतं की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. याचा एक दाखला पाखरांच्या जगातलाच देतो. मेळघाटच्या रानात रानपिंगळा राहतो. दिवसा उडणारं छोटं घुबड. १८८४ नंतर त्याची पक्की नोंद नव्हती. एक नोंद होती १९१४ ची, गुजरातची. ती मायनर्टझहागेन नावाच्या बड्या इंग्रज कर्नलची होती, म्हणून शास्त्रज्ञ त्या बाजूला शोधत राहिले. पुढे तपासणीत निघालं काय? कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! ती खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध खऱ्या जुन्या जागांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटातही तो चांगल्या संख्येनं सापडला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, कर्नल असो की शंकराचार्य, हुद्दा हा पुरावा होत नाही. विज्ञानानं आपल्या घरातल्या बड्याची चोरी स्वतः उघडी केली. हे कुठल्या पोथीनं केलं आहे? दुसरी, त्या ११३ वर्षांत रोज त्या रानात लाकडं, मोहफुलं वेचणाऱ्या भिल्ल-कोरकू बाईला कोणी विचारलं होतं का, की असं दिवसा उडणारं घुबड तू पाहिलंस काय?

मेळघाटच्या सहलीचंही असंच आहे. १९७४ मध्ये तिथं व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. जिप्सीत बसून माणसं वाघ शोधतात. गाडी कोरकूंच्या गावातून जाते, तेव्हा कॅमेरे खाली असतात. याच मेळघाटात १९९० च्या दशकात कुपोषणानं पोरं मेल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. वाघासाठी गावं उठवली गेली. वाघ जगलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जंगल राखायचं तर माणूस हाकलावा लागतो, हे कोणी सिद्ध केलं? २००६ चा वनहक्क कायदा उलट सांगतो. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावानं २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकड्यांवर झाडं वाढवली, सीताफळं विकून गाव चालवलं. निसर्ग सहल पायविहीरलाही गेली पाहिजे. तिथले गावकरी व्याख्याते असतील, आणि मानधन त्यांना मिळेल.

लोणारला तर शाळांच्या सहली जातातच. पोरांना तिथं पहिल्यांदा काय ऐकू येतं? विष्णूनं लवणासुराला मारलं, त्याचं हे विवर. राक्षस कोण आणि मारणारा कोण, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्षात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झाला. आधी ज्वालामुखी समजत. खडकातली खनिजं धक्क्यानं बदललेली सापडली तेव्हा १९७३ मध्ये उल्केवर शिक्कामोर्तब झालं. वय आधी ५० हजार वर्षं धरत, पुढच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं, आणि त्यावर अजून वाद चालतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा चमत्काराच्या पोस्ट फिरल्या. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, खारट पाण्यातले हे रंगीत सूक्ष्मजीव आहेत. पोरांना पाण्यापाशी उभं करून ही सगळी गोष्ट सांगा. असुराची गोष्टही सांगा, आणि ती कोणी कशासाठी रचली असेल ते त्यांनाच विचारा.

आता मुद्द्याचं. आपण श्रोते म्हणून मागच्या खुर्चीवर जाऊन बसावं यासाठी हे लिहीत नाही. आपण आलो की विषयही बदलतील, बदललेच पाहिजेत.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आपल्या गावच्या हातपंपाचा आकडा आपल्याला माहीत आहे काय? कृष्णविवरावर व्याख्यान जरूर ऐकू. पण आधी हातपंपावर एक व्याख्यान झालं पाहिजे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. त्यात पंप पाठीवर घेणारा बहुतेक आपल्यासारख्याच घरातला असतो. औषध अंगात कसं शिरतं, हे त्याला कोणी सांगितलं? फवारणीच्या बऱ्याच औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट असतं. गळक्या पंपानं भिजलेल्या शर्टातून ते कातडीत उतरतं. मज्जातंतूंनी निरोप पोचवला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो, हे विष त्याला निकामी करतं. निरोप पुसलाच जात नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरते, श्वास अडतो. असं झालं तर कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. अट्रोपिन हा त्यावरचा उतारा आहे. हे विज्ञान जून महिन्यात, पेरणीच्या आधी, गावात पोचलं तर माणूस वाचतो. सभागृहात राहिलं तर टाळ्या मिळतात.

आणि ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली राहणाऱ्या बाळंतिणीचं काय होतं, घाम वाळला नाही की शरीर थंड का होत नाही, पत्र्याला चुना लावला तर घर किती उतरतं, हे थर्मामीटर घेऊन आपणच मोजू शकतो.

तेव्हा काम असं. फ्रेजरपुऱ्यात आणि अकोल्याच्या भीमनगरात महिन्यातून एक रविवार ठेवायचा. संध्याकाळी, मजुरीहून माणसं परतल्यावर. बुद्धविहारात जागा आहे, अंगण आहे. व्यासपीठ नाही, हार नाही, फी नाही. बोलणारा २० मिनिटं बोलेल, उरलेला वेळ प्रश्नांचा, आणि पहिला प्रश्न बाया विचारतील. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना बोलवायचं. जे येतील त्यांचा मान ठेवायचा, पण आडनाव विचारायचं नाही. ज्या निसर्ग मंडळांकडे दुर्बिणी आहेत त्यांना पत्र लिहायचं की एका रविवारी आमच्याकडे या, आमची पोरं तुमच्यासोबत तलावावर येतील. नाही म्हणाले तर वर्गणी काढून एक दुर्बीण घ्यायची. एक पुरते, पोरं पाळीनं पाहतील.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. सोमवार, २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी इजिप्तकडे खग्रास सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास दिसेल. पावसाळा आहे, ढग असू शकतात. असोत. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचं नाही, काळा चष्मा किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही, हे वस्तीत आधी घरोघर सांगायचं. ग्रहणाच्या वेळी प्रत्येक वस्तीतून एकेक चाळणी बाहेर निघाली पाहिजे. ग्रहणात चूल पेटली पाहिजे, पोटुशा बाईनं जेवलं पाहिजे, पोरांनी जमिनीवरचे ते अर्धे सूर्य मोजले पाहिजेत. ज्या गल्लीतून आपले पणजोबा दान मागत फिरले, त्या गल्लीत त्या दिवशी आपण सावली कशी पडते ते समजावून सांगू. वरच्या आळीतली पोरं आली तर त्यांनाही.

मोर्चे संपलेले नाहीत. पुढचा मोर्चा ठरला आहे, तारीख शेवटच्या पानावर आहे. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी साडेसहाला वडाळी तलावावर या. भाकरी सोबत आणा.